पुण्याहून खानापूरला माहेरी येताना झिकाची तपासणी करून घ्यावी का?

सातवा महिना लागलाय, बाळंतपणाला पुण्याहून कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला माहेरी येताय, आणि येण्याआधी झिकाची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूची, तपासणी करायची का, असं तुम्ही विचारलंय. मी याच तालुक्यात आशा म्हणून काम करते.

ताई, बारीक ताप, पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी यातलं काही झालं असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. झिका रक्तात साधारण आठवडाभरच सापडतो, लघवीत थोडे जास्त दिवस. पाचातल्या चौघांना तर काहीच जाणवत नाही. म्हणून तुमच्या भागात रुग्ण निघाले असतील तर त्रास नसला तरी विचारा. २०२४ साली पुण्यात रुग्ण निघाले तेव्हा गरोदर बायकांची मुद्दाम तपासणी झाली होती. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे बाळाला दोष असणारच, असं नाही. सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याचा घेर पुन्हा पुन्हा मोजत राहतात.

मला खरी काळजी वाटते ती महाराष्ट्र-कर्नाटक सरहद्दीची. तिकडच्या आशाला वाटतं बाई माहेरी गेली, इकडे आमच्या यादीत नाव चढायला वेळ लागतो. मधल्या दिवसांत तुमच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, माता-बाल कार्ड आणि आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा नंबर) सोबत आणा. आल्या आल्या गावच्या आशाला भेटून तायी कार्डाचं, म्हणजे कर्नाटकातल्या माता कार्डाचं, विचारा. पुण्यात कुठल्या भागात राहत होता, तेही सांगा.

इकडे डेंगीची भीती जास्त धरा. कर्नाटकानं २०२४ मध्ये तो साथरोग म्हणून जाहीर केला होता. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही डेंगीची रक्ततपासणी होते. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण धोका तेव्हाच असतो: पोटात दुखणं, सारख्या उलट्या, रक्त जाणं दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. तापाला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलच, ब्रुफेन नको. बीपीसाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ताप आल्याचं त्याच दिवशी कळवा.

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल भरलेले असतात. टॉर्च मारला की डासांच्या अळ्या वळवळत तळाला जातात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. आईला सांगा, आठवड्यातून एकदा बॅरल आतून घासून कोरडा करायचा. डेंगी-झिकाचा हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी आडवं होतानाही मच्छरदाणी लावा.

आणि नवरा पुण्याहून भेटायला येत असेल, तर बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरा. झिका संबंधातूनही पसरतो, हे बायकांना सहसा कुणी सांगत नाही.