मालदीवच्या बेटावरची पहिली दिवाळी: घरी यायचं की तिथेच राहायचं?

तुझी अडचण मला अशी समजली: उत्तरेकडच्या एका बेटावर शाळेत पहिलंच वर्ष आहे, दिवाळीत शाळा चालू, चार दिवसांची रजा मिळेल न मिळेल, चिपळूणला आईबाबा वाट बघतायत आणि बाबा म्हणतायत "सोड ती नोकरी नि ये घरी". छोटी गणपतीची मूर्ती पार्सलने मागवू का, हेही विचारलं आहेस. मी कुडाळची. मालदीवच्या बेटांवर बरीच वर्षं गणित शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयाने मोठी आहे, म्हणून तू म्हणते.

आधी मूर्तीचं. मागवू नकोस. पूजेच्या मूर्ती देशात आणायला तिथल्या कस्टम्सची बंदी आहे. पार्सलनेही नको आणि येताना बॅगेतूनही नको. २००८च्या त्यांच्या राज्यघटनेप्रमाणे इस्लाम हा राज्याचा धर्म आहे आणि इतर धर्मांची जाहीर पूजाअर्चा चालत नाही. आपण आपल्या खोलीत दार लावून हात जोडतो त्याला कुणी आडकाठी करत नाही. आकाशकंदील खोलीत लाव, रांगोळी खोलीत काढ, फटाक्यांचा विचारही नको. हे सगळं ऐकून जीव आखडतो हे मला माहीत आहे. पण आपण त्यांच्या घरी राहतोय, आणि त्यांनी आपली मुलं आपल्या हाती सोपवली आहेत. मला हा नियम पाळताना कधी कमीपणा वाटला नाही. फोनमधला घरच्या देव्हाऱ्याचा फोटो पुरतो, खरंच पुरतो.

आता घरी येण्याचं गणित. बेटावरून स्पीडबोट किंवा देशांतर्गत विमानाने माले, तिथून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेने चिपळूण. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ, ज्याला तिथे हुळंगु म्हणतात, साधारण मे ते ऑक्टोबर असतो. दिवाळी लवकर आली तर ती त्याच्या शेपटात सापडते. समुद्र खवळला की बोट रद्द होते, आणि बोट चुकली की पुढचं विमानही गेलं. म्हणजे मालेला एक रात्र हाताशी ठेवावीच लागते, आणि मालेतली रात्र स्वस्त नाही. चार दिवसांच्या रजेत घरी धड दोन दिवस मिळतात, त्यातला एक झोपण्यात जातो आणि दुसरा बॅग भरण्यात. पहिल्या वर्षी तरी येऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. पैशांपेक्षाही मोठं कारण म्हणजे मन. आईच्या हातचं खाऊन अठ्ठेचाळीस तासांत परत निघणं हे न येण्यापेक्षा जड जातं. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली अशा धावत्या भेटीनंतर महिनाभर कामात लागत नव्हत्या.

तिथल्या सुट्ट्या आणि आपले सण यांची सांगड बसत नाही, आणि पहिल्या वर्षी सगळा त्रास यातूनच होतो. शाळेची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. २०२३ साली लक्ष्मीपूजन रविवारी आलं, म्हणजे इकडे सगळे घरी आणि तिकडे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. क्वचित योग जुळतो: २०१५मध्ये लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरला होतं, आणि तोच मालदीवचा प्रजासत्ताक दिन. त्या योगांची वाट बघत बसायचं नाही. दहावीच्या केंब्रिजच्या परीक्षा आमच्या वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच असायच्या, तेव्हा रजा मागायलाही तोंड नसायचं. म्हणून सण तिथेच करायचा, कामाच्या दिवशी, आणि घरी जायचं ते लांब सुट्टीत, निवांत. ही दोन कामं एकदा वेगळी केलीस की निम्मा ताण उतरेल.

सण तिथे कसा करायचा? एकच गोष्ट निवड आणि ती नीट कर. मी अभ्यंगस्नान निवडलं होतं. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, हे आपलं फार मोठं भाग्य आहे. अमेरिकेतल्या शिक्षिकांना पहाटेच्या दिवाळीसाठी आदल्या संध्याकाळी फोन धरून बसावं लागतं. तुझ्याकडे पहाटेचे साडेचार वाजतात तेव्हा चिपळूणला पाच, म्हणजे घरच्यांबरोबरच तेल-उटणं लावून आंघोळ करता येते आणि सातच्या आत शाळेतही पोचता येतं. उटण्याची पुडी आईकडून मागव, खोबरेल बेटावर मिळतंच. तुझ्या घरात तमिळ शिक्षिका असतील तर त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेव. त्यांची दिवाळी म्हणजे नरकचतुर्दशीची पहाटच, आणि सकाळी भेटल्यावर "गंगास्नानम आच्चा?" असं विचारायची त्यांच्यात रीत आहे. मलयाळी मंडळी दिवाळी फारशी करत नाहीत, पण त्यांच्या ओणमच्या सद्येला, म्हणजे सणाच्या जेवणाला, तू गेली असशील तर ती तुझ्या फराळाला नक्की येतील.

फराळाचं सामान: चकलीची भाजणी आणि बेसन येताना आणलेलं असलं तर उत्तम, नाहीतर बेसन मालेहून मागवता येतं. कांदे, बटाटे, साखर, पीठ यांची काळजी करू नकोस. १९८१च्या व्यापार करारामुळे भारत मालदीवला हे जिन्नस ठरलेल्या प्रमाणात पुरवतो. इकडे कांद्याची निर्यात बंद झाली तरी तिकडे बहुधा मिळत राहतो. फक्त पुरवठ्याची बोट कधी येते ते दुकानदाराला विचारून आठवडाभर आधी घेऊन ठेव. आणि करंजीचं सारण तर तुझ्या दारात आहे. ताजा नारळ आणि दिया हकुरु, म्हणजे माडाच्या गोड रसाचा आटवलेला पाक. तिथे हुनि हकुरु फोळि नावाचा पदार्थ करतात: पातळ धिरड्यात पाकातलं खोबरं भरून गुंडाळतात. घरमालकिणीकडून ते खोबरं शिजवायला शिकून घे. मी शिकले तेव्हा त्या बाईंनी करंजी तळायला माझ्या शेजारी पाट मांडला होता, आणि त्या बेटावर मला परकं वाटायचं ते त्या दुपारी थांबलं.

शेजाऱ्यांना फराळ दे, मोकळेपणाने दे. तिथले लोक हिंदी सिनेमे आणि मालिका बघून मोठे झालेत, दिवाळी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असतं. फक्त नैवेद्य दाखवलेलं ताट त्यांना देऊ नकोस. त्यांच्यासाठीचं आधीच बाजूला काढून ठेव. मुसलमान माणसाला देवाला दाखवलेलं अन्न चालत नाही, आणि खाऊन झाल्यावर त्यांना ते कळणं बरोबर नाही.

त्यांच्या सणांना जा. रमजान सुरू व्हायच्या आधी माहेफुनची जेवणं असतात, बोलावलं की जायचंच. रमजानमध्ये दिवसा बाहेर खायचं-प्यायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीत. बोडु ईद, म्हणजे आपण जिला बकरी ईद म्हणतो ती, तर बघण्यासारखी असते. काही बेटांवर माडाच्या चुडतांचा प्रचंड मासा विणून किनाऱ्यावरून ओढत आणतात, माळी नावाची पानाफांद्यांनी मढलेली सोंगं निघतात, बोडुबेरूचे ढोल रात्रभर चालतात आणि पोरं एकमेकांवर रंगाचं पाणी उडवतात. वर्गात तोंडातून शब्द न काढणारा मुलगा तुला रंगवायला धावत येईल. पांढरा ड्रेस घालू नकोस, एवढंच.

एका गोष्टीसाठी मात्र आत्तापासून मन तयार ठेव. सगळ्यात कठीण दिवस दिवाळीचे नसतात. दिवाळीत काम असतं, मुलं असतात, फोन वाजत असतो. कठीण असतो तो लांब सुट्टीचा पहिला आठवडा, जेव्हा बाकीच्या भारतीय शिक्षिका निघून जातात आणि कुठल्याशा कारणाने आपण मागे राहतो. बेट एका तासात पायी फिरून संपतं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी काही चांगल्या, हुशार शिक्षिका त्याच दिवसांत राजीनामा लिहिताना पाहिल्या आहेत. म्हणून लांब सुट्टीचं तिकीट तारखा कळताच काढ, आणि राहावंच लागलं तर त्या आठवड्यात एकटी जेवू नकोस. घरमालकाच्या घरी जा, त्यांच्या मुलीला गणित शिकव, काहीही कर.

आणि बाबा. त्यांच्याशी दिवाळीच्या फोनवर वाद घालू नकोस, त्याच्या आधीच्या एखाद्या शुक्रवारी सावकाश बोल. "येणार नाही" एवढंच सांगितलंस तर ते तेवढंच धरून बसतील. येण्याची तारीख सांग, तिकिटाचा फोटो पाठव. व्हिडिओवर वर्ग दाखव, मुलं "मिस, मिस" करत भोवती जमतात ते त्यांना बघू दे. आईला सांग की तुझ्या वाटणीचा फराळ डब्यात जपून ठेवू नको, तू येशील तेव्हा ताजा करा. भाऊ असेल तर भाऊबीजेची ओवाळणी तू घरी जाशील त्या दिवशी, तिथी न बघता.

तुझं बेट कोणत्या अटॉलमध्ये, म्हणजे बेटांच्या कोणत्या समूहात, आहे ते लिही. कुळुदुफुशीच्या आसपास असशील तर बाजार, बोटी आणि हनिमादूच्या विमानतळाबद्दल मला बरंच सांगता येईल.