११ महिन्यांची ऑर्डर

प्रश्न : मुलगी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एचआयव्ही होऊच नये म्हणून जी औषधं असतात, त्यांवर संशोधन करायचं म्हणते. अमेरिकेने पैसे थांबवल्यामुळे प्रकल्प बंद पडल्याचं वाचलं. शिवाय स्थळांना काय सांगायचं? बीएड केलेलं बरं नाही का? – एक शिक्षक-पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार सर. स्थळांचं आधी उरकतो. ‘औषध संशोधनात आहे’ एवढं पुरतं. त्यावर जे नाक मुरडतील, ते आधीच कळलेले बरे. आणि शिक्षकांच्या जागा कधी सुटतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पैशाची भीती मात्र खरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीच्या लशीची चाचणी सुरू होता होता थांबली. माझी एक विद्यार्थिनी परदेशी निधीच्या प्रकल्पावर होती. ११ महिन्यांच्या नेमणुकीची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, पुन्हा ऑर्डर. एकदा खंड पडला तो पडलाच. चार वर्षांत ती नमुने नोंदवण्यापलीकडे काही शिकली नव्हती. चूक तिची, थोडी माझीही.

आता औषधाकडे बघा. अमेरिकेत प्रतिबंधाची गोळी २०१२ पासून आहे, पण ती रोज घ्यायची. घरात डबी सापडली की चौकशी सुरू. लेनाकापाविर या नव्या प्रतिबंधक औषधाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत त्याचा वर्षाचा भाव २८ हजार डॉलरच्या वर. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो २०२७ पासून गरीब देशांना ते वर्षाला ४० डॉलरमध्ये देणार आहेत. म्हणजे औषध हाताशी आलंय. आधी कुणाला द्यायचं, पैसे कोणी टाकायचे, सहा महिन्यांनी तोच माणूस परत कसा आणायचा, इथे घोडं अडलंय. या कामाला प्रयोगशाळेतल्या पिपेटपेक्षा हिशेब जास्त लागतो.

तेव्हा मुलीला प्रयोगशाळा हवी की हा हिशेब, ते विचारा. प्रयोगशाळा हवी असेल तर एमएस्सी, मग नेट. पुण्यात भोसरीला आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था आहे. हिशेब हवा असेल तर सार्वजनिक आरोग्य किंवा लोकसंख्याशास्त्र : मुंबईत देवनारला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था), तिरुअनंतपुरमला सार्वजनिक आरोग्याचं अच्युत मेनन केंद्र. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, हे लपवत नाही. वाट कुठलीही घेऊ दे, बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र, पक्कं हवं. एचआयव्हीचा निधी आटला तरी टीबीवाले, मधुमेहवाले असं माणूस घेतात. आपला एड्स नियंत्रण कार्यक्रम मुख्यतः केंद्राच्या पैशावर चालतो, त्यामुळे अमेरिकेचा धक्का इथे कमी. पण तिथल्याही बऱ्याच जागा कंत्राटी.

फॉर्म भरण्याआधी एक करा. जवळच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्राचे समुपदेशक असतात. गर्दी ओसरल्यावर, दुपारी, तिला त्यांच्याशी अर्धा तास बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा.