‘अ’ मध्ये बिघडलेलं यंत्र ‘ब’ मध्ये दुरुस्त कसं झालं?

“मॅडम, मीन येतं, स्टँडर्ड डेव्हिएशन येतं, प्रोबॅबिलिटीची गणितंही सुटतात. पण हायपोथिसिस टेस्टिंग आलं की डोकं बंद पडतं. मला गणिताचं डोकंच नाहीये बहुतेक. विषय बदलू का?”

शब्द थोडे इकडेतिकडे, पण समुपदेशक म्हणून हे वाक्य मी दर वर्षी ऐकते, आणि तेही परीक्षा तोंडावर आल्यावर. बोलणारी मुलं मानसशास्त्राची असतात, वाणिज्याची असतात, जीवशास्त्राची असतात. संख्याशास्त्राचा एक पेपर गळ्यात पडलेला, एवढंच त्यांच्यात समान. (हायपोथिसिस टेस्टिंग म्हणजे हातातल्या नमुन्यावरून एखादं गृहीतक टिकतं का ते तपासणं.) त्यांतल्याच एका मुलीची ही हकिकत. तिची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

पहिल्या भेटीत मी चुकले. “डोकं बंद पडतं” हे शब्द कानावर आले आणि मनातल्या मनात ‘परीक्षेची भीती’ असा शिक्का मारून मी मोकळी झाले. श्वासाचे व्यायाम सांगितले, वेळापत्रक करून दिलं, अवघड प्रकरण सकाळी घ्यायला सांगितलं. दोन आठवड्यांनी ती आली. व्यायाम नेमाने केले होते, झोप सुधारली होती. टेस्टिंग होतं तिथेच होतं. आधी ते घाबरून कळत नव्हतं, आता शांतपणे कळत नव्हतं.

मग मी तिला उत्तरपत्रिका आणायला सांगितली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

गणित साधंच होतं. एक यंत्र ५०० मिलिमीटरच्या सळ्या कापतं. प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे लांबी सरासरीपासून साधारण किती मागेपुढे होते ते) १० मिलिमीटर. तपासायला घेतलेल्या २५ सळ्यांची सरासरी ४९६ आली. यंत्राची सरासरी बदलली आहे का? (अ) ५ टक्के सार्थकता पातळीवर तपासा. (ब) १ टक्का पातळीवर तपासा.

तिची आकडेमोड बिनचूक होती. १० भागिले २५चं वर्गमूळ, म्हणजे २. पंचवीस सळ्यांची सरासरी साधारण इतकी मागेपुढे होते. सरासरीतला फरक उणे ४, त्याला २ने भागून झेड, म्हणजे फरक अशा किती दोनांएवढा ते, आला उणे २. चिन्ह सोडलं तर पाच टक्क्यांसाठी झेडची सीमा १.९६, तिच्या पलीकडे गेलो. एक टक्क्याची सीमा २.५८, तिच्या अलीकडेच राहिलो. ‘अ’ खाली तिने लिहिलं होतं, “म्हणून यंत्र बिघडलं आहे हे सिद्ध झालं.” ‘ब’ खाली होतं, “म्हणून यंत्र बरोबर आहे हे सिद्ध झालं.” ते दुसरं वाक्य तीनदा खोडून पुन्हा तेच लिहिलेलं. खोडाखोडीने कागद तिथे विरला होता.

“तीनदा का खोडलंस?”

“कारण ते खोटं वाटत होतं. त्याच पंचवीस सळ्या. वरच्या ओळीत यंत्र बिघडलेलं आणि खालच्या ओळीत चांगलं, असं कसं असेल? पण पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, म्हणून तसंच ठेवलं.”

इथे माझी खात्री पटली की या मुलीला गणिताचं डोकं नाही ही गोष्ट खोटी आहे. उत्तर पटत नाही म्हणून जी तीनदा खोडते, तिचं डोकं बंद पडलेलं नसतं. पाठ केलेल्या पाच पायऱ्या आणि तिची स्वतःची समज यांची मारामारी चालली होती, आणि दर वेळी पायऱ्या जिंकत होत्या.

समजावायला मी सगळे वापरतात तो कोर्टाचा दाखला काढला. मी काही संख्याशास्त्रज्ञ नाही, प्रबंधापुरती आकडेमोड केलेली. आरोपी निर्दोष आहे असं धरून चालायचं, ही शून्य परिकल्पना; इथे ‘यंत्राची सरासरी ५००च आहे’ ही. पुरावा भक्कम असेल तर ती फेटाळायची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आणि पुरावा कमी पडला तर निर्दोष मुक्तता. म्हणजे निर्दोषच ना तो? मग ‘यंत्र बरोबर आहे’ लिहिलं तर माझं काय चुकलं?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मराठीत तो ‘निर्दोष’ शब्दच घात करतो.

तिसऱ्या भेटीत मी कोर्ट सोडलं आणि शाळेत गेले. “√२ ही परिमेय संख्या नाही, हे कसं सिद्ध केलं होतं आठवतं?” आठवत होतं. समजा, √२ परिमेय आहे. म्हणजे ती सामाईक अवयव नसलेल्या दोन पूर्णांकांचा अपूर्णांक असेल. मग पुढे जाता जाता दोन्ही पूर्णांक सम निघतात, विसंगती येते, म्हणून ‘समजा’ चूक. अप्रत्यक्ष सिद्धता.

“आणि समजा विसंगती सापडलीच नसती तर?”

“तर... काहीच नाही. अडकलो असतो. √२ परिमेय आहे असं थोडंच म्हणणार?”

मी काही बोलले नाही. तिने उत्तरपत्रिका ओढून घेतली, ‘ब’ च्या वाक्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अय्या. मी अडकले होते आणि सिद्ध झालं म्हणून लिहिलं.”

शून्य परिकल्पना हा तोच ‘समजा’ आहे. तुमचं तिच्यावर प्रेम असायची गरज नाही, विश्वासही नको. हातातली माहिती तिच्याशी कितपत विसंगत आहे हे बघायला ती क्षणभर गृहीत धरायची. √२च्या सिद्धतेत विसंगती आली की खेळ संपतो. इथे ‘अशक्य’ कधीच येत नाही, ‘फार विरळा’ येतं, आणि किती विरळा म्हणजे पुरे, हे आपल्याला आधी ठरवावं लागतं. पाच टक्के, एक टक्का ही ती ठरवलेली रेघ. रेघ सरकली तर निर्णय बदलू शकतो. यंत्र आहे तसंच राहतं. तिच्या गणितातली पी व्हॅल्यू, म्हणजे यंत्र ठीक असताना इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता, साधारण ०.०४६ होती. पाच टक्क्यांच्या रेघेला ती पुरते, एक टक्क्याच्या रेघेला पुरत नाही, यापलीकडे ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये काहीही घडलेलं नव्हतं.

पण पी व्हॅल्यू म्हणजे नक्की काय, हे बोलून कळत नाही असा माझा अनुभव आहे. ते हाताने करावं लागतं.

रोनल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये मांडलेला एक प्रयोग आहे. एक बाई सांगते, कपात आधी दूध ओतलं होतं की चहा, हे मला चवीवरून ओळखता येतं. तिला आठ कप द्यायचे, चार आधी दुधाचे, चार आधी चहाचे, क्रम उलटापालटा करून. तिने आधी दुधाचे चार निवडायचे. आठातून चार निवडायचे मार्ग ७०. निव्वळ अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७०त १, म्हणजे दीड टक्क्याहून थोडी कमी.

आम्ही आठ चिठ्ठ्या केल्या, चारांवर ‘द’, चारांवर ‘च’. घड्या घालून पिशवीत टाकल्या. तिने न बघता चार काढायच्या, त्यात ‘द’ किती आले ते मोजायचं, परत टाकायच्या. चाळीस वेळा. पहिल्या दहांत ती कंटाळली, विसाव्यानंतर मात्र रेघांचे ढीग वाढताना बघून स्वतःच भराभर काढायला लागली. शेवटी कागदावर असं होतं: दोन ‘द’ आले २२ वेळा, एक ‘द’ १० वेळा, तीन ‘द’ ८ वेळा. चारही ‘द’ एकदाही नाही. एकही ‘द’ नाही असंही कधी झालं नाही.

“आता त्या बाईने तीन बरोबर ओळखले, तर तू काय म्हणशील?”

तिने ढिगावर बोट ठेवलं. “हे तर मीसुद्धा डोळे मिटून आठ वेळा केलं. चाळीसात आठ. कशाला मानायचं?” (कागदावर हिशेब केला तर तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७०त १७, म्हणजे २४ टक्के. आमचे चाळीसच प्रयत्न होते, त्या मानाने वाईट नाही.)

“आणि चारही ओळखले तर?”

“तर विचार करावा लागेल.”

हीच पी व्हॅल्यू. ‘समजा’ खरा असताना जे ढीग तयार होतात, त्यांत आपल्याला मिळालेला निकाल, किंवा त्याहून टोकाचा, किती जागा व्यापतो ते. मग मी तिला तो प्रश्न विचारला ज्यावर शिकलेसवरलेले घसरतात. पी व्हॅल्यू ०.०१४ आली म्हणजे ती बाई अंदाज मारत असण्याची शक्यता १.४ टक्के, बरोबर?

ती हो म्हणणार होती. मग तिची नजर पिशवीकडे गेली. “नाही ना. या चाळीस वेळा मी अंदाजच मारत होते. शंभर टक्के. शून्य परिकल्पना खरीच धरून आपण हे ढीग केले. मग ती खरी असण्याची शक्यता याच ढिगातून कशी निघेल?”

अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ मध्ये पी व्हॅल्यूबद्दल एक निवेदन काढलं, त्यातला एक मुद्दा नेमका हाच आहे. संशोधकांना सांगावी लागलेली गोष्ट या मुलीने चिठ्ठ्यांच्या पिशवीकडे बघून सांगितली.

हा विषय गोंधळात टाकतो याचं थोडं खापर पुस्तकांवर फोडायला हवं. आपण ज्याला एक पद्धत म्हणून शिकतो, त्या मुळात दोन होत्या. फिशरला पी व्हॅल्यू हवी होती, पुराव्याचं वजन म्हणून. त्याच्या मांडणीत पर्यायी परिकल्पना, म्हणजे शून्य परिकल्पनेच्या समोर उभी केलेली दुसरी, नव्हतीच. पाच टक्के म्हणजे विसात एक ही सीमा त्याने १९२५ मध्ये सुचवली, तीही सोयीची म्हणून. नेमन आणि एगन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये वेगळीच मांडणी केली. दोन परिकल्पना समोरासमोर ठेवा, चुकांचं प्रमाण आधी ठरवा आणि निर्णय घ्या. चांगलं यंत्र बंद केलं तर पहिल्या प्रकारची चूक, बिघडलेलं चालू ठेवलं तर दुसऱ्या प्रकारची. तेवढ्याच सळ्यांवर पहिली कमी करायला गेलात की दुसरी वाढते. फिशर आणि नेमन यांचं यावरून अखेरपर्यंत पटलं नाही. पुस्तकांनी मात्र दोघांना एका पाटावर बसवून पाच पायऱ्या करून टाकल्या. विद्यार्थ्याला सांधा खटकतो, आणि त्याला वाटतं खटका आपल्या डोक्यात आहे.

त्यात आपला ‘सार्थक’ शब्द. जन्माचं सार्थक झालं म्हणणाऱ्या भाषेत ‘सार्थक फरक’ म्हटलं की काहीतरी थोर सापडल्यासारखं वाटतं. तिला मी तेच गणित वेगळ्या आकड्यांत दिलं. सळ्या ४००, सरासरी ४९९. झेड पुन्हा उणे २च. आधी चार मिलिमीटरचा फरक ‘सार्थक’ होता, आता एकच मिलिमीटरचा तितकाच ‘सार्थक’. तो एक मिलिमीटर कुणाला नडतो का, हे सूत्र सांगत नाही. ते सळी वापरणाऱ्याला विचारायचं.

जाता जाता कोर्टाचा प्रश्न तिनेच सोडवला. बातम्यांत नुसतं ‘निर्दोष’ नसतं, ‘सबळ पुराव्याअभावी’ असंही असतं, हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती निष्कर्ष असा लिहिते: “१ टक्का पातळीवर, सबळ पुराव्याअभावी, यंत्राची सरासरी बदलली आहे असं म्हणता येत नाही.” परीक्षकाला भाषा जरा कोर्टाची वाटेल, पण निष्कर्ष बिनचूक आहे. असाच प्रश्न पडलेल्यांनी खुशाल उचलावं.

चौथ्या भेटीत मला राहवलं नाही. समुपदेशक आहे ना, धडा काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, “आता तुझ्या ‘मला गणिताचं डोकं नाही’कडे बघू. शून्य परिकल्पनेच्या जागी तू तेच बसवलं होतंस. त्या खुर्चीत जो बसतो त्याला संशयाचा फायदा मिळतो. चांगले मार्क पडले की तू म्हणायचीस पेपर सोपा होता, आणि वाईट पडले की...”

तिने मला मध्येच थांबवलं. “मॅडम, ते सोडाच. दोन पेपरांवरून मी हे ठरवलं होतं. नमुना फक्त दोनाचा, एन बरोबर दोन. त्यात दोन्ही पेपर याच एका प्रकरणाचे, म्हणजे नमुना यादृच्छिकसुद्धा नाही. असल्या माहितीवर टेस्ट लावायचीच नसते.”

मी वही मिटली. विषय बदलायचा प्रश्न त्यानंतर निघाला नाही.

तिने पिशवी घरी नेली होती. पुढच्या आठवड्यात मला एक फोटो आला. तोच रेघांचा कागद, ढीग आणखी वाढलेले, आणि इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या ‘चार’ च्या रकान्यात एक एकुलती रेघ. प्रयत्न त्रेसष्टावा. खाली लिहिलं होतं, “डोळे मिटून काढल्या, शपथ. फिशरसाहेब समोर असते तर मला चव कळते म्हणाले असते. पहिल्या प्रकारची चूक!”