बाल्कनी राहू दे, आधी पॉलिसी परत करा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका निवृत्त वाचकांचं पत्र आहे. वय ६३. २००९ साली १८ लाखांना घेतलेला टू बीएचके विकून दोघं नवरा-बायको कागलजवळच्या गावी, वडिलोपार्जित घरात राहायला जाणार. मागची बाल्कनी स्लायडिंग खिडक्या लावून बंद केली आहे, सात बाय नऊ फूट. एजंट म्हणतो, थ्री बीएचके म्हणून जाहिरात देऊ, ६२ ऐवजी ७० लाख येतील. तर तिला बेडरूम म्हणावं का, हा प्रश्न. आणि खाली ताजा कलम: ‘घराचे पैसे येणारच आहेत म्हणून बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून एफडी मोडून पॉलिसीचा १० लाखांचा पहिला हप्ता भरला. ५ वर्षं भरायचे, १२ वर्षांनी ८० लाख, टॅक्स फ्री. घर विकल्याचा टॅक्सही यातून वाचतो म्हणाले. पॉलिसी १२ दिवसांपूर्वी कुरिअरने आली.’

बेडरूमचं आधी उरकतो. म्हणू नका. घरखरेदीच्या रेरा कायद्यात बेडरूमची व्याख्या नाही, तिथं हिशेब कार्पेट एरियाचा, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेचा. पण राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दोन खोल्यांच्या घरात राहण्याची लहान खोलीसुद्धा साडेसात चौरस मीटरची, म्हणजे ८० चौरस फुटांची लागते. तुमची ६३ भरते. डबल बेड टाकला की कपाटाचं दार उघडायचं नाही. शिवाय गिऱ्हाईक कर्ज काढणार, आणि बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात धरून घर बघतो. नकाशात ती बाल्कनीच आहे. कर्ज ६२ च्या हिशेबानं बसलं की वरचे ८ लाख गिऱ्हाईक आणणार कुठून? विसार परत करायची पाळी येईल. ‘टू बीएचके, बंद बाल्कनीसह’ असं लिहा आणि ६२ धरून चाला. एजंटाचे ७० लाख रंकाळ्यावर भेळ खाता खाता ऐकायला ठीक आहेत.

आता ताजा कलम. पत्र वाचताना मी तिथंच थांबलो.

घर विकल्याचा टॅक्स विम्याच्या हप्त्यानं वाचत नाही. कुठल्याच कलमात तशी सोय नाही. ती सोय दुसरं घर घेतलं तर आहे, किंवा विक्रीपासून सहा महिन्यांत ठरावीक सरकारी बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत गुंतवले तर. साहेबांना हे माहीत नसेल तर वाईट, आणि माहीत असूनही सांगितलं असेल तर त्याहून वाईट.

‘टॅक्स फ्री’ही नाही. एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या वर गेला, की मुदतीअंती मिळणाऱ्या नफ्यावर टॅक्स लागतो. तुमचा १० लाख आहे.

आणि ८० लाखांचं एवढं कौतुक कशाला? ५० लाख पाच वर्षांत भरायचे, सरासरी दहा वर्षं अडकवायचे आणि ८० घ्यायचे. वर्षाला पाच टक्केसुद्धा पडत नाहीत, तेही टॅक्सच्या आधी. मोडलेली एफडी किती टक्क्यांची होती ते पावतीवर बघा. बरं, ८० लाख हातात येतील तेव्हा तुम्ही पंचाहत्तरीत असाल. तोवर महिन्याचं वाणसामान, औषधं, लाइट बिल कशातून भागवायचं?

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत, कारण सांगून वा न सांगता, परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. तुमच्याकडे १८ दिवस उरलेत, म्हणून हे उत्तर छापून येण्याआधीच मेलनं पाठवलं आहे. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्या, पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कुरिअरचं पाकीट टाकू नका, तारखेचा पुरावा तोच. साहेब ‘एक वर्ष तरी ठेवा’ म्हणतील, चहाही पाजतील. चहा प्या, अर्ज मागं घेऊ नका.

टॅक्स तुम्हाला वाटतो तेवढा नाही. ६२ वजा १८, नफा ४४ लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी साडेपाच लाख. पण घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असल्यानं महागाई निर्देशांकाचा जुना हिशेबही तुम्हाला खुला आहे, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची: १८ चे झाले साधारण ४५, नफा १७, वीस टक्क्यांनी ३ लाख ४० हजार. उपकर धरून साडेतीन. एवढ्यासाठी ४४ लाख पाच वर्षं कमी व्याजाच्या बाँडमध्ये कोंडण्यापेक्षा टॅक्स भरून मोकळे व्हा, असं माझं मत.

मग ३० लाख पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये येतील. ते व्याज करपात्र आहे, पण हातात येतं. उरलेल्यांतून वर्षाचा खर्च बचत खात्यात, बाकी वेगवेगळ्या मुदतींच्या एफडींत.

बाल्कनी बंद करताना महापालिकेची परवानगी घेतली होती का, हे तुमच्या पत्रात नाही. नसेल, तर गिऱ्हाइकाच्या वकिलानं विचारण्याआधी तुम्हीच चौकशी करून ठेवा.