इंग्रजी नीट कळत नाही, तरी नवीन रॉक आणि रॅप ऐकायची सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की गाव खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी शाळा, आता हॉस्टेलवरची पोरं दर आठवड्याला नवीन रॉक-रॅप लावतात. ठेका तुम्हाला आवडतो, पण शब्द कळत नाहीत आणि विचारायला लाज वाटते. मी बेळगावातल्या वडगावचा. घरात कापड विणायचे माग होते, शाळा माझीही मराठीच. आता चौतिशीत आहे, उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशिनवर काम करतो आणि पंधरा-सोळा वर्षं हेच संगीत जीव लावून ऐकतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगा, तुम्हाला कन्नड कुणी शिकवलं? मला कुणीच नाही. बाजारात भाजी विकायला बसणारी अज्जी चिडलीय की चेष्टा करतेय, हे मला तिचा एकही शब्द कळत नव्हता तेव्हापासून कळायचं. आवाज कुठं चढतो, कुठं तोडतो, कुठला शब्द दोनदा येतो, एवढ्यावर काम भागायचं. शब्द नंतर हळूहळू आले. अर्धवट कळणाऱ्या भाषेत आपण सीमाभागातले लोक अख्खा दिवस काढतो. रॅप ऐकायला तोच कान लागतो आणि तो तुमच्याकडे आहे.

खोटं वाटत असेल तर रॅपर केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' अल्बम लावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कसलीही आगाऊ सूचना न देता त्यानं तो सोडला. कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्टन शहरातला हा माणूस, इंग्रजी शब्दांवर त्याच्याएवढी हुकूमत आज क्वचितच कुणाची असेल. आणि त्याच्या अल्बमचा पहिला आवाज कुणाचा? देइरा बारेरा या मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीत गाणाऱ्या गायिकेचा, तोही स्पॅनिशमध्ये. भाषांतर नाही, खुलासा नाही. तिच्या गळ्यातली ती कळ ऐकली की पुढं काहीतरी जड येणार आहे हे समजतं, आणि मग केंड्रिक सुरू होतो. तिथं स्पॅनिश न येणारा अमेरिकन आणि तुम्ही एकाच बाकावर बसलेले असता. बारा गाणी आहेत, पाऊण तासात संपतात.

नवीन अल्बम शक्यतो ज्या दिवशी येतो त्याच दिवशी ऐका. जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवारी अल्बम काढायचा पायंडा पडलाय. माझी सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते, तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत येईस्तोवर बारा वाजत आलेले असतात, आणि गुरुवारी रात्री मी गाडी बाजूला लावून मोबाईल उघडतो. त्या वेळी त्या गाण्यांबद्दल कुणी काही बोललेलं नसतं. चांगलं की वाईट हे सांगणारं कुणी नसतं. आपण आणि गाणं, एवढंच. ही अर्ध्या-पाऊण तासाची चैन मला कुठल्याही सणापेक्षा प्यारी आहे.

'लिंकिन पार्क' या अमेरिकन रॉक बँडच्या 'फ्रॉम झीरो' अल्बमच्या रात्री मात्र मी घाबरलो होतो. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै २०१७ मध्ये गेला. ज्या आवाजानं माझी अकरावी-बारावी तारून नेली तो आवाज गेला, आणि सात वर्षांनी तीच मंडळी एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका घेऊन उभी राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये आधी एक गाणं आलं. त्यात पहिलं कडवं बँडचा जुना माणूस माइक शिनोडा गातो, ओळखीच्या आवाजात, आपल्याला धीर देत. एमिली येते ती दुसऱ्या कडव्याला. आधी सांभाळून, मग घसा फाडून. ही रचना किती विचारानं केलीय बघा! घरात नवं माणूस आणताना थोरला भाऊ आधी स्वतः उंबऱ्यात येतो, तसं. नोव्हेंबरात पूर्ण अल्बम आला, जेमतेम बत्तीस मिनिटांचा. बँडचं सगळ्यात पहिलं नाव 'झीरो' होतं, स्पेलिंग 'एक्स'नं सुरू होणारं. अल्बमचं नाव त्यावरूनच. काही जणांना एमिली अजून पटलेली नाही. मला पहिल्या रात्रीच पटली. चेस्टरची नक्कल ती करत नाही, म्हणूनच पटली.

रॉक कसं ऐकायचं हे मी वडिलांकडून शिकलो, त्यांनी आयुष्यात एकही रॉक गाणं ऐकलेलं नसताना. माग चालू असले की घरात बोलून उपयोग नसायचा, ओठ वाचायचे. पाहुण्यांना तो निव्वळ गोंगाट वाटायचा. पण वडील जेवता जेवता हात थांबवून म्हणायचे, "तिकडचा बघ, धोटा अडकालाय." चार मागांच्या खडखडाटातून त्यांना एक आवाज वेगळा काढता यायचा. गोंगाट वाटणाऱ्या गाण्यात हेच करायचं. एकदा नुसते ड्रम धरा. पुन्हा लावा, आता फक्त बेस गिटार, जी पोटात जाणवते. तिसऱ्यांदा गळा. मग जीनियससारख्या साइटवर शब्द उघडून सोबत वाचा. चौथ्या खेपेला तो गोंगाट उरतच नाही. ३० ऑक्टोबर २०११ ला बेंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर 'मेटॅलिका' ही मेटल, म्हणजे जड रॉक वाजवणारी मंडळी आली, तेव्हा मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर उभा राहून गेलो होतो. ड्रमचा पहिला दणका छातीवर बसला आणि मला सुट्टीच्या दिवशी माग सुरू झाल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं.

आता जवळचं सांगतो, कारण तुम्ही सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. हनुमानकाइंड हा मूळचा मलप्पुरमचा, टेक्सासमध्ये वाढलेला आणि बेंगळुरात नाव काढलेला रॅपर. रॅप इंग्रजीत करतो. जुलै २०२४ मध्ये मौत का कुआँमध्ये गाड्या फिरत असताना चित्रित केलेलं त्याचं गाणं जगभर गाजलं. ते तुम्ही बघितलंच असेल. माझं काळीज मात्र मार्च २०२५ च्या 'रन इट अप'वर आहे. खाली केरळचा चेंडा हा ढोल वाजतो आणि व्हिडिओत कळरिपयट्टू, पंजाबचा गटका, मणिपूरचं थांग-ता या युद्धकलांबरोबर आपला मर्दानी खेळ येतो. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत दांडपट्टा फिरायला लागला की गर्दी आपसूक मागं सरकून गोल करते, तो क्षण आठवा. ते पोलादी पातं त्या चेंड्याच्या ठेक्यावर वळताना बघून मी रस्त्याच्या कडेला एकटाच ओरडलो. तिथं इंग्रजी कळलं नाही तरी काय अडतं?

दिल्लीच्या 'ब्लडीवुड' बँडचा 'नू दिल्ली' अल्बम त्याच महिन्यात आला. ढोल, बासरी आणि मेटल गिटार एकत्र. त्यातल्या एका गाण्यात जपानच्या 'बेबीमेटल' या बँडच्या गायिका आहेत, म्हणजे हिंदी, इंग्रजी आणि जपानी एकाच गाण्यात. आपल्याकडं चहाच्या गाड्यावर तीन भाषा एका वाक्यात येतात, तेवढंच सहज. फोडणीवरसुद्धा एक पूर्ण गाणं आहे, भूक लागलेली असताना ऐकू नका.

मराठीत? 'स्वदेशी' या मुंबईच्या मंडळींचं २०१९ मधलं वारली गाणं शोधा. आरेच्या जंगलासाठी लढणारे वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात स्वतः गातात आणि एमसी मवाली मराठीत रॅप करतो. नवीन नाही, पण चुकवू नका. अमरावतीचा सौरभ हा आपलं नाव शंभरचा आकडा आणि 'आरबीएच' असं लिहितो, आणि वऱ्हाडीत असा सुटतो की ऐकत राहावं. पुण्याचा एमसी स्टॅन तुमच्या हॉस्टेलवर वाजत असणारच. त्याचा बाज मला एका बैठकीत फार वेळ झेपत नाही, पण पोरगा खोटं बोलत नाही. २०२४ ला गाजलेलं 'तांबडी चामडी' हे क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं. ते रॅपपेक्षा नाचाचं आहे, तरी नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या कंपनीनं मराठी गाणं काढलं याचा मला अजून आनंद होतो.

एक आस मात्र अपुरी आहे. आपल्या बेळगावी बोलीत तयार झालेला पूर्ण अल्बम मला ऐकायचाय. पुण्याचा माणूस "काय करतो आहेस" म्हणतो, आपण "काय करालास". जालास, खालास, बोलालास. क्रियापद आखूड झालं, शेवटी 'लास' ठरलेला, त्यामुळं यमक आपोआप जुळतं आणि वजन बरोबर ठेक्यावर पडतं. ज्या बोलीला बाहेर हसतात ती रॅपसाठी घडवल्यासारखी आहे. वही घेऊन बसा. इंग्रजी येत नाही म्हणून लाजणाऱ्या तुम्हीच हे केलंत तर मी पहिल्या रात्री बारा वाजता ऐकीन. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व घरी कन्नड बोलणारे होते, आणि त्यांनी देवासला जाऊन माळवी लोकगीतं अशी आत्मसात केली की ती त्यांचीच झाली. कानानं ऐकलेली भाषा अशी कामाला येते.

शेवटचं, विचारायची लाज सोडा. माझ्या शेजारच्या मशिनवर गोकाकचा एक जण आहे, घरी पूर्ण कन्नड. तो मला ऑल ओके, राहुल डिट्टो या रॅपरांची कन्नड गाणी ऐकवतो आणि ओळ थांबवून अर्थ सांगतो. मी त्याला मराठी समजावतो. मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत त्याला वऱ्हाडी ऐकवलं. एका शब्दावर त्यानं विचारलं, "याचा अर्थ काय रे?" मलाही माहीत नव्हता. पण दोघांच्याही माना हलत होत्या, म्हणून आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.