प्रसूतीमागे पैसे दिल्याने सेवा सुधारते का?

प्रश्न: मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचा सदस्य आहे. आफ्रिकेतील रवांडा देशात आरोग्य केंद्रांना प्रत्येक प्रसूतीमागे व तपासणीमागे पैसे देतात आणि त्यामुळे तिथल्या माता-बालसेवा सुधारल्या, तेव्हा आपणही तसे करावे, अशी सूचना बैठकीत आली. यात तथ्य किती? अशाने खोट्या नोंदी वाढणार नाहीत का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: रवांडाचे उदाहरण खरे आहे, पण ते सांगताना निम्मी हकीकत सहसा गाळली जाते. तिथे २००१-०२च्या सुमारास काही भागांत प्रयोग झाले आणि २००६पासून सरकारने ही पद्धत देशभर नेण्यास सुरुवात केली. ती टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने १६६ आरोग्य केंद्रांची तुलना करणे अभ्यासकांना शक्य झाले. या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या केंद्रांना ही पद्धत लागू नव्हती त्यांनाही सरासरीने तेवढीच जादा रक्कम देण्यात आली, फक्त तिला कामगिरीची अट नव्हती. त्यामुळे जो फरक दिसला तो जास्त पैशाचा नसून अटीचा होता, असे म्हणता येते.

फरक दिसला, पण सगळीकडे नाही. दवाखान्यातील प्रसूती २३ टक्क्यांनी वाढल्या. दोन वर्षांखालील बालकांच्या प्रतिबंधक तपासण्या ५६ टक्क्यांनी, तर दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या १३२ टक्क्यांनी वाढल्या. मात्र गरोदरपणातील चारही तपासण्या पूर्ण करणाऱ्या स्त्रियांचे आणि पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण जिथल्या तिथे राहिले. दरपत्रक पाहिले की कारण कळू लागते. एका प्रसूतीमागे केंद्राला साडेचार डॉलरहून थोडे अधिक मिळत, तर पहिल्या प्रसूतिपूर्व तपासणीमागे डॉलरचा दहावा हिस्साही नाही. शिवाय दारी आलेल्या स्त्रीला प्रसूतीसाठी इथेच या म्हणून पटवणे कर्मचाऱ्याच्या हातात असते. तिने तिसऱ्याच महिन्यात पहिली तपासणी करून घ्यावी आणि पुढच्या तीन वेळा पायपीट करत यावे, हे घर, शेत, रस्ता आणि सासू यांवर अवलंबून असते. ज्या सेवेला दर चांगला आणि कष्ट कमी, तिथेच परिणाम ठळक दिसला, असे अभ्यासकांनीही नोंदवले आहे.

खोट्या नोंदींची आपली शंका रास्त आहे आणि रवांडाने ती गृहीतच धरली होती. नोंदवहीतील रुग्ण खरोखर आले होते का, हे नमुन्यादाखल घरी जाऊन तपासले जाई. जिल्हा रुग्णालयाचे पथक दर तिमाहीस गुणवत्तेची तपासणी करी आणि तिच्या गुणांकाने रक्कम गुणली जाई. म्हणजे प्रसूती शंभर झाल्या, पण गुणांक ०.७ आला, तर पैसे सत्तर प्रसूतींचेच मिळत. ही तपासणी खर्चिक आणि चिकाटीची असते. ती करण्याची तयारी नसेल, तर योजनेचे नावही काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रवांडानंतर नॉर्वे व ब्रिटन यांच्या मदतीने जागतिक बँकेने हीच पद्धत इतर अनेक देशांत नेली. तिथले निष्कर्ष अधिक सावध आहेत. नायजेरियात काही केंद्रांना कामगिरीप्रमाणे पैसे दिले, तर काहींना त्याच्या निम्मी रक्कम विनाअट थेट खात्यात दिली. बहुतेक सेवांत दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखीच राहिली. सुधारणेचा बराचसा वाटा अटीचा नसून, पैसा केंद्रापर्यंत पोहोचला आणि तो खर्च करण्याची मुभा मिळाली याचा होता, असे यावरून मला वाटते.

आपल्या शेजारचा गुजरातही या वाटेने गेला आहे. तिथल्या चिरंजीवी योजनेत २००५पासून खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांना गरीब स्त्रियांच्या शंभर प्रसूतींमागे ठोक १,७९,५०० रुपये ठरवून दिले होते. नैसर्गिक प्रसूती असो वा सिझेरियन, दर एकच, म्हणजे विनाकारण सिझेरियन करण्याचा मोह नको, हा त्यामागचा हिशेब. हिशेब चतुर होता, पण दवाखान्यातील प्रसूती या योजनेमुळे लक्षणीय वाढल्या असे पुढील स्वतंत्र मूल्यमापनात आढळले नाही.

आता महाराष्ट्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याचे आढळले. काही आदिवासी तालुके सोडले, तर प्रत्येक प्रसूतीमागे पैसे देऊन आपण जे आधीच घडते आहे त्याचेच बिल भरू. आपल्या समितीने आधी एवढेच विचारावे : केंद्राचा अबंधित निधी (म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, केंद्राने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचा पैसा) वर्षात केव्हा येतो, आणि रक्तदाबाचे यंत्र बिघडले तर वैद्यकीय अधिकाऱ्याला ते स्वतःच्या सहीने दुरुस्त करून घेता येते का?

प्रश्न: आम्हा आशांना कामागणिक मोबदला मिळतो. हीच ती पद्धत का?
– एक आशा स्वयंसेविका, गडचिरोली जिल्हा

उत्तर: वरवर सारखी, पण आतून वेगळी. रवांडातील रक्कम पगाराशिवाय वरची होती आणि ती व्यक्तीला नव्हे, केंद्राला मिळे. बहुतेक केंद्रांनी तिचा मोठा भाग कर्मचाऱ्यांत वाटला, उरलेला इतर गरजांना वापरला. आपल्याला पगार नाही. ठरावीक कामांची एक निश्चित रक्कम सोडली, तर बाकीची कमाई मोजणीवर चालते. नवजात बाळाच्या गृहभेटींचेच पाहा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मिळतात. गृहभेटींची ही कल्पना आपल्याच जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून सिद्ध होऊन देशभर गेली. पण पावसाळ्यात नाला ओलांडून केलेली भेट आणि शेजारच्या घरातली भेट यांचा दर त्यात एकच आहे. रवांडाच्या दरपत्रकातून काही घ्यायचेच असेल, तर दुर्गम पाड्यांसाठी वेगळा दर मागण्याचा आधार त्यात जरूर सापडेल.