व्हाइटहॉर्सला कधी यावे?

गणपती उरकून सप्टेंबरच्या मध्यास सहकुटुंब निघावे की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे, असे तुम्ही विचारले आहे. कॅनडाच्या युकॉनमधील या गावात अकरा वर्षे राहून माझे मत असे झाले आहे की, कंपनी थांबायला तयार असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात यावे. येथील उन्हाळा इतका आखूड असतो की आम्ही तो रानफुलांवरून मोजतो, आणि सप्टेंबरात येणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही.

एप्रिलअखेरीस तळी गोठलेलीच असतात, तरी गावालगतच्या मातीच्या उंच कड्यांवर, दक्षिणेकडच्या उतारावर, पहिले फूल येते. इकडे त्याला क्रोकस म्हणतात. क्रोकस हे केशराच्या झाडाचेही नाव असले तरी केशराशी या फुलाचे काही नाते नाही. फिकट जांभळ्या पाकळ्यांना बाहेरून आणि देठालाही मांजराच्या पिलासारखी मऊ, रुपेरी लव असते. फूल विषारी आहे, तेव्हा मुलीला ते लांबूनच पाहू द्या. पहिल्या वर्षी त्याला भुलून मी मिरचीची रोपे अंगणात लावली आणि दोन रात्रींत सगळी गमावली. जून उजाडेपर्यंत रोपे घरातच ठेवावीत. मेअखेर रस्त्याकडेला डँडेलियन फुलतात आणि ते खायला अस्वले येतात, म्हणून फोटोसाठी गाडीतून उतरू नये.

जूनमध्ये अलास्का हायवेच्या कडेने निळे ल्युपिन उभे राहतात. त्यांच्या पंजासारख्या पानाच्या मध्यभागी पावसाचा एकच थेंब अळूवरच्यासारखा गोल होऊन बसतो. २१ जूनच्या सुमारास दिवस १९ तासांचा असतो. त्या उजेडाने कोथिंबीर जुडी होण्याआधीच फुलावर येते, मेथी मात्र छान होते. याच दिवसांत फुलणाऱ्या पाच पाकळ्यांच्या रानगुलाबाचा मी गुलकंद घातला होता. ऊन भरपूर, पण त्याला आपल्याकडचा ताप नाही, त्यामुळे तो मुरायला फार दिवस लागले.

जुलै फायरवीडचा. जळलेल्या रानात आधी उगवणारे हे गुलाबी-जांभळे फूल १९५७ पासून युकॉनचे अधिकृत फूल आहे. त्याचा तुरा खालून वर उमलत जातो आणि शेंड्याचे फूल उमलले की उन्हाळा संपला, असे येथे म्हणतात. मग शेंगा तडकून सावरीसारखा कापूस उडू लागतो. त्यानंतर सहा आठवड्यांत बर्फ पडतो ही समजूत दरवर्षी खरी ठरत नाही, पण कापूस दिसताच शेजारी लाकडे फोडायला लागतात.

मीही असाच सप्टेंबरात आलो होतो. ओळखी होण्याआधीच दिवस लहान होत गेले आणि डिसेंबरात जेमतेम साडेपाच तासांवर आले, "इथे फूल म्हणून काही उगवतं का हो?" असे पत्नीने त्या हिवाळ्यात अनेकदा विचारले. शाळा ऑगस्टअखेर सुरू होते, त्यामुळे मेमध्ये आल्याने मुलीचे काही बुडत नाही, उलट मैदानावर तिला सवंगडी मिळतील. भाड्याची घरे कमी आणि महाग आहेत, म्हणून तो शोध आत्ताच सुरू करावा. कंपनी थांबत नसेल, तर तुम्ही एकटे पुढे या आणि कुटुंबाला मेमध्ये बोलवा. विमानतळ त्या कड्यांच्या माथ्यावरच आहे. सामान घरी टाकून त्याच संध्याकाळी कड्याच्या वाटेने त्यांना घेऊन गेलात, तर रात्री नऊच्या उजेडातही मिटत आलेले क्रोकस दिसतील.